जुन्या मोटारसायकलीचे तेल

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात चार शब्द बोलण्याविषयी चिटणीसांनी आम्हांस विचारले, तेव्हा शिक्षण, वधूवर परिचय अथवा व्यसनमुक्ती यांपैकी एखादा विषय आम्ही निवडू अशी त्यांची अपेक्षा असावी. सेवानिवृत्त शिक्षकाने याहून निराळे काही बोलू नये असा जणू संकेतच आहे. आम्ही ‘तेल’ हा विषय कळविला, तेव्हा ते प्रसन्न झाले. घाण्यावर वाढलेल्या समाजापुढे याहून उचित विषय तो कोणता? पुढे आम्ही ‘जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनाचे तेल’ असे संपूर्ण शीर्षक कळविले, तेव्हा मात्र दोन दिवस त्यांचे उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी होकार आला. त्यांच्या स्वतःच्या दारात १९९७ सालची एक मोटारसायकल उभी आहे आणि ती निळा धूर सोडते, हे त्या होकाराचे कारण असावे असा आमचा तर्क आहे.

आज सकाळी मांडवाबाहेर लावलेल्या गाड्या आम्ही सवयीने मोजल्या. हजेरी घेण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यांतील निम्म्याहून अधिक गाड्या पंधरा वर्षांपलीकडच्या आहेत. कोणी त्यावर दुधाचे कॅन बांधतो, कोणी तेलाचे डबे गावोगाव पोहोचवितो, कोणी विम्याचे हप्ते गोळा करीत हिंडतो. अशा घरी इंजिन उघडावे लागले म्हणजे त्या महिन्याचा किराणा उधारीवर येतो. तेलास जातात ते शेकड्यांत, आणि इंजिन उघडले की जातात ते हजारांत. म्हणून हा विषय क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही. शिवाय या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक घडलेली आहे. ती आपल्या माणसांत सांगून टाकावी, हेही आजच्या बोलण्याचे एक प्रयोजन आहे.

आमचे वडील बार्शी तालुक्यात एका खेड्यात घाणा चालवीत. बैलाचा लाकडी घाणा तो. करडई आणि शेंगदाणा हा मुख्य माल. वडिलांस लिहिता-वाचता बेताचेच येई, परंतु तेलाची परीक्षा त्यांच्या बोटांत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब घेऊन ते चोळीत, बोटे विलग करून तार पाहत, आणि माल कोणत्या शिवारातला व किती दिवसांचा हे सांगून मोकळे होत. बैलगाडीच्या आसास एरंडेलाचे वंगण घालीत. ते कधी घालावे याचा निर्णय ते चाकाचा आवाज ऐकून करीत. या परंपरेत वाढल्यामुळे तेलाविषयी आपणांस उपजतच कळते असा आमचा समज होता. मोटारसायकलीचे तेलही आम्ही कित्येक वर्षे बोटांनीच पारखीत आलो.

एरंडेलाचा उल्लेख केवळ घरची आठवण म्हणून केलेला नाही. इंग्लंडमधील वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये इंजिनाकरिता एक तेल काढले, त्यात एरंडेल मिसळलेले असे. एरंडेलास इंग्रजीत ‘कॅस्टर’ म्हणतात, आणि त्यावरूनच त्या तेलाचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव पडले. एरंडेलाचा थर धातूवर घट्ट बसतो, म्हणून आरंभीच्या विमानांत आणि शर्यतीच्या गाड्यांत ते आवडीने वापरीत. पण ते तापून चिकट राळेसारखे बसते आणि खनिज तेलात नीट मिसळत नाही. म्हणून कोणी जुन्या आठवणीने बुलेटमध्ये घरचे एरंडेल ओतू पाहील, तर त्याने तसे करू नये. असे करू पाहणारे एक सद्‌गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. ते आज या मांडवात हजर असल्यामुळे अधिक बोलत नाही.

आता बोटांच्या परीक्षेकडे वळू. ती इंजिनाच्या तेलास का लागू पडत नाही, हे समजावयास आम्हांस साठ वर्षे लागली. बोटांचा स्पर्श फार तर तीस-पस्तीस अंशांचा असतो. इंजिनातील तेल काम करते ते शंभर अंशांच्या आसपास, आणि पिस्टनच्या कडेला त्याहूनही अधिक उष्णतेत. थंडीच्या सकाळी खोबरेल बाटलीत गोठते आणि उन्हाळ्यात तेच पाण्यासारखे वाहते, हे आपल्या घरातील प्रत्येक बाईस ठाऊक आहे. इंजिनाच्या तेलाचेही तसेच आहे. चाळीस अंशांवरून शंभर अंशांवर जाता जाता जाड समजले जाणारे तेलसुद्धा आठ-नऊ पट पातळ होते. अर्थात दुकानात बोटावर जे जाड वाटले ते मे महिन्याच्या दुपारी इंजिनात किती जाड राहील, याची बोटास काहीच कल्पना नसते.

हे काम डब्यावरील आकडे करतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये हे क्रमांक ठरविले. तिचे आद्याक्षरी नाव ‘एसएई’. पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली. ‘२० डब्ल्यू ५०’ असे लिहिलेले असते, त्यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे इंग्रजी ‘विंटर’, हिवाळा. पहिला आकडा थंडीतील वर्तनाचा आणि दुसरा शंभर अंशांवरील दाटपणाचा. या दुसऱ्या आकड्यात ५० क्रमांकाचे तेल ३० क्रमांकाच्या तेलाच्या साधारण पावणेदोन पट दाट असते. पुष्कळांचा, आणि त्यांत कित्येक मिस्त्रींचाही, असा समज आहे की २० डब्ल्यू ५० हे तेल थंड असता पातळ असते आणि तापले की जाड होते. असे जगातील कोणतेच इंजिन तेल करीत नाही. तापल्यावर तेही पातळच होते. मात्र त्यात घातलेल्या विशिष्ट द्रव्यांमुळे ते साध्या एकेरी तेलाच्या मानाने कमी पातळ होते, इतकेच. पहिल्या आकड्याची चिंता आपण सोलापूरकरांनी फारशी करू नये. ‘२० डब्ल्यू’ या तेलाची थंडीतील परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर घेतात. तेवढी थंडी आपल्याकडे पडू लागली, तर मोटारसायकलीहून अधिक गंभीर प्रश्न उभे राहतील.

गिअरच्या तेलावर ‘९०’ असा आकडा असतो, त्यानेही घोटाळा होतो. ते ५० च्या जवळजवळ दुप्पट जाड, म्हणून जुन्या झिजलेल्या इंजिनास उत्तम, असा सल्ला आम्ही स्वतः ऐकलेला आहे. वास्तविक गिअरच्या तेलाची मोजपट्टीच वेगळी आहे. तेथील ९० हे दाटपणात इंजिनाच्या ४०-५० च्याच पंक्तीस बसते. पण त्यातील गंधकयुक्त द्रव्ये दातेरी चाकांसाठी योजिलेली असतात. पेटणाऱ्या इंधनाची काजळी सांभाळण्याचे काम त्यास येत नाही. ते इंजिनात घालू नये.

आता आमच्या चुकीची हकीकत.

आमची गाडी १९७४ सालची ३५० सी.सी. बुलेट. आम्ही ती १९८४ मध्ये एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून घेतली. त्यांनी गाडीबरोबर एक तेलकट माहितीपुस्तिकाही दिली होती. ती आम्ही ट्रंकेत जपून ठेवली, आणि चौतीस वर्षांत एकदाही वाचली नाही. प्रश्नपत्रिका दोनदा वाचा, मग लिहावयास घ्या, असे आम्ही मुलांस वर्षानुवर्षे सांगत आलो. हे येथे कबूल केलेलेच बरे. या गाडीवर आम्ही जिल्हा परिषदेच्या सात शाळा केल्या. तेलाच्या बाबतीत मिस्त्री जे घालील ते आम्ही घालू देत असू. पूर्वी पंपावर पिंपातून सुटे तेल मिळे तेही घातले, पुढे बंद डब्यातील एकेरी ४० क्रमांकाचे घातले. गाडी थोडी गळे, थोडी प्यायी, पण चालत राहिली.

२०१७ मध्ये आम्ही निवृत्त झालो. हातात वेळ आला आणि थोडा पैसाही आला. आयुष्यभर जिने आपणांस वाहिले तिला आता उत्तमातले उत्तम द्यावे, असे मनाने घेतले. २०१८ च्या मे महिन्यात एका दुकानी जाऊन आम्ही सर्वांत महाग तेल कोणते ते विचारले. दुकानदाराने मोटारगाडीचे, पूर्णपणे कृत्रिम, म्हणजे ज्यास सिंथेटिक म्हणतात ते, ५ डब्ल्यू ३० असे साडेतीन लिटरचे कॅन पुढे केले. त्याची काही चूक नाही. आम्ही त्यास गाडी कोणती ते सांगितलेच नव्हते. जुने तेल काढून आम्ही ते इंजिनात भरले, आणि उरले त्यातील थोडे क्लचच्या कव्हरातही भरले. बोटांवर घेतले तेव्हा ते अत्यंत मुलायम लागले. वडील असते तर त्यांनीही वाखाणले असते.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या सौ. व आम्ही तुळजापुरास देवीच्या दर्शनास निघालो. सोलापुराहून अंतर सुमारे ४५ किलोमीटर. जाताना शेवटच्या घाटात इंजिन जोराने ओरडे, पण गाडी तितक्या वेगाने चढेना. क्लच घसरत होता. आम्ही ऊन व चढ यांस दोष दिला. दर्शन घेऊन भर दुपारी परतीस लागलो. तामलवाडी मागे टाकल्यावर इंजिनाच्या पोटातून खोल असा ठोक्याचा आवाज येऊ लागला. कानांस तो स्पष्ट ऐकू आला, परंतु वीसेक किलोमीटर तर राहिले, असे म्हणून आम्ही तो मानण्याचे नाकारले. चाकाच्या आवाजावरून वंगणाची वेळ ओळखणाऱ्या बापाचा मुलगा मी, हे त्या क्षणी आठवावयास हवे होते. पाच मिनिटांत इंजिन एकाएकी जाम झाले आणि मागचे चाक जागच्या जागी धरले गेले. हाताने सवयीने क्लच दाबला म्हणून चाक सुटले, पण तोवर गाडी कडेच्या मुरमात आडवी झाली होती. शिरस्त्राण दोघांच्याही डोक्यावर होते. आम्हांस खरचटले तेवढेच. सौ.चे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. आजही थंडीच्या दिवसांत पोळ्या लाटताना त्या मधूनच थांबतात. त्या आज स्त्रियांच्या बाजूस बसलेल्या आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच आम्ही हे सांगत आहो. त्यानंतर त्या या गाडीवर बसलेल्या नाहीत.

इंजिन उघडले तेव्हा आम्ही मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून होतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला त्या जुन्या बुलेटमध्ये एक फिरते बुश असते. ते वितळून चिकटले होते. तेल गाळणारी नमद्याची गाळणी काढली, तर तीवर बोटभर काळा चिखल. मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, तेल वाईट नव्हते. या गाडीचे नव्हते.” मग तेथे बसूनच आम्ही ती माहितीपुस्तिका प्रथम वाचली, आणि पुढील काही महिने या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो.

झाले होते ते असे. आमच्या गाडीतील बुश तेलाच्या जाड थरावर तरंगण्यासाठी बनविलेले. त्यातील फटी आजच्या इंजिनांच्या मानाने सैल. तेल चढविणारे पंपही मंद गतीचे, आणि आमच्या गाडीत तर चाळीस वर्षे झिजलेले. अशा ठिकाणी मेच्या दुपारी ३० क्रमांकाचे तेल थर धरण्याऐवजी कडेने निसटून जाते. तेच तेल आजच्या मोटारीच्या घट्ट फटींत उत्तम काम करील. दुसरे असे की, हल्लीच्या तेलांत मळ धुऊन काढणारी द्रव्ये भरपूर असतात. हा खरे तर गुण आहे. पण आमच्या इंजिनाच्या पोटात कित्येक वर्षांच्या साध्या तेलांनी साठविलेला गाळ निपचित पडून होता. नव्या तेलाने तो एकदम सोडविला आणि गाळणीत नेऊन कोंबला. क्लच घसरला त्याचे कारण वेगळेच. त्या कॅनच्या पाठीवर एका वर्तुळात इंधन वाचविणारे तेल असल्याची नोंद होती. घर्षण कमी करून ते इंधन वाचविते, आणि तेलात बुडालेला क्लच तर घर्षणावरच चालतो.

कृत्रिम तेल वाईट, असा आमच्या बोलण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. योग्य क्रमांकाचे कृत्रिम तेल जुन्या गाडीसही चालते. ते उष्णतेत अधिक टिकते. त्याने गळती सुरू होते असे म्हणतात, पण गळती बहुधा वाळलेल्या पॅकिंगांची असते, गाळाने बुजलेली ती उघडी पडते एवढेच. आमची चूक तेल कृत्रिम असण्यात नव्हती. किंमत पाहिली, क्रमांक पाहिला नाही, आणि इंजिनाची प्रकृतीही पाहिली नाही, ती चूक.

तेव्हा तेल घेण्यापूर्वी गाडीत तेलाची घरे किती आहेत ते प्रथम समजून घ्यावे. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये ती तीन आहेत. इंजिनाचे वेगळे, त्यात सुमारे सव्वादोन लिटर तेल बसते. क्लच व आतील साखळीचे वेगळे. आणि गिअरबॉक्सचे वेगळे. इंजिनास २० डब्ल्यू ५०, साधे खनिज, हे आमच्या गाडीस मानवले आहे. क्लचच्या घरात मोटारसायकलीचेच तेल हवे. त्याची खूण अशी की, डब्यावर ‘जासो एमए’ अथवा ‘एमए २’ असे छापलेले असते. हा जपानी दंडक बुडीत क्लचसाठीच १९९०-९९ या दशकाच्या अखेरीस ठरविण्यात आला. ‘एमबी’ असे असेल तर ते निसरडे तेल, गिअरविरहित स्कूटरांसाठी योग्य. गिअरबॉक्सात जुने मिस्त्री ग्रीस व तेल एकत्र करून भरीत, कारण नुसते तेल तेथून गळे. आता आम्ही ९० क्रमांकाचे गिअर तेल घालतो, मात्र ‘जीएल ४’ प्रतीचे. ‘जीएल ५’ मधील तीव्र द्रव्ये आतील काशाच्या बुशांस बाधण्याचा संभव असतो. थोडे गळते, त्याखाली पुठ्ठा ठेवतो.

डब्यावर ‘एपीआय’ या अक्षरांपुढे आणखी दोन अक्षरे असतात. पहिले ‘एस’ म्हणजे पेट्रोलचे इंजिन, आणि दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितकी प्रत नवी. ‘एसएफ’ ही १९८० च्या सुमाराची, ‘एसएल’ २००१ ची, ‘एसएन’ २०१० ची, ‘एसपी’ २०२० ची. इयत्तांप्रमाणे वरची इयत्ता अधिक शहाणी, असे येथे सर्वस्वी नाही. जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात. त्यांस जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्याचे संरक्षण लागते. मोटारींच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेस फॉस्फरस बाधतो, म्हणून नव्या प्रतींत पातळ क्रमांकांच्या तेलांत त्याचे प्रमाण कमी करण्यात आले. २० डब्ल्यू ५० सारख्या जाड तेलांस ते बंधन नाही. म्हणजे योग्य क्रमांकाचे मोटारसायकलीचे तेल घेतले की हीही काळजी बव्हंशी मिटते.

आता लहान गाड्यांविषयी. १९८५ पासून आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि तीनंतरच्या त्याच घराण्यातील गाड्या आपल्या समाजात सर्वांत अधिक आहेत. त्यांत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांस मिळून एकच तेल, आणि तेही जेमतेम लिटरभर. तिघांची चाकरी करणाऱ्या त्या लिटरभर तेलाची लवकर दमछाक होते. गिअरच्या दात्यांत भरडले जाऊन त्याचा दाटपणा हळूहळू उतरतो. येथे क्रमांक पुस्तिकेत असेल तोच घ्यावा, आणि ‘जासो एमए’ ही खूण न पाहता डबा घेऊच नये. गाडी तेल पिऊ लागली तर एक पायरी जाड तेल घालतात. काही दिवस निभतात, ती दुरुस्ती मात्र नव्हे.

या गाड्यांत क्रमांकाहूनही अधिक घात होतो तो पातळीने. आपल्यातीलच एक तरुण रोज पहाटे दोन बाजूंस दुधाचे कॅन बांधून चौदा किलोमीटर येतो. तेल दर दोन हजार किलोमीटरला नेमाने बदली. मधल्या काळात काडी काढून पाहण्याची गरज त्यास कधी वाटली नाही, कारण तेल तर नवेच आहे! इंजिन दर आठवड्यास थोडे थोडे पीत होते. एके दिवशी काढले तेव्हा आत पावशेरही उरले नव्हते. पिस्टन, सिलिंडर सर्व बदलावे लागले, आणि पंधरा दिवस दूध भाड्याच्या रिक्षातून गेले. त्या पंधरा दिवसांचा हिशेब त्याच्या आईने आम्हांस सांगितला. दर रविवारी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून काडी पाहणे, एवढेच त्यावर औषध होते. जुन्या बुलेटमध्ये एक उलट गंमत आहे. ती दोन-चार दिवस उभी राहिली की टाकीतील तेल पंपातून झिरपून खाली क्रँकच्या घरात उतरते. काडी कोरडी दिसते. मालक घाबरून वरून तेल ओततो. मग गाडी चालू होताच जादा तेल श्वासनळीतून बाहेर फेकले जाते आणि विजार खराब होते. म्हणून तेथे काडी पाहावयाची ती गाडी पाच-दहा मिनिटे चालवून आणल्यावर.

राजदूत, येझदी आणि आरएक्स १०० या दोन धक्क्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्या. त्यांचे तेल पेट्रोलाबरोबर जळून जाते. आरएक्स १०० मध्ये त्यासाठी वेगळी टाकी व पंप आहे. राजदूत, येझदीत ते हाताने पेट्रोलात मिसळावे लागते. मोटारसायकलीचे साधे तेल त्यात मिसळू नये. ते जळून राख धरते आणि प्लग व सायलेन्सर काजळीने भरतात. डब्यावर ‘टू-टी’ आणि ‘जासो एफसी’ अथवा ‘एफडी’ पाहावे. आपल्यातील काही तरुण आजकाल १९९६ पूर्वीची आरएक्स शोधून अवाच्या सवा किंमत देऊन घेतात, आणि तेलात मात्र काटकसर करतात. यावर आमच्यापाशी शब्द नाहीत.

तेल काळे झाले म्हणजे खराब झाले काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. आपल्या घाण्याच्या तेलाच्या हिशेबाने काळे म्हणजे खोटे. येथे काळेपणा पुष्कळदा चांगल्या तेलाचे लक्षण असतो, कारण धातूवरची काजळी उचलून त्याने स्वतःत धरलेली असते. बदलावयाचे ते किलोमीटर पाहून. आम्ही बुलेटचे दोन हजारांवर बदलतो. इंजिन बांधून घेतल्यावर पहिले तेल पाचशेवरच काढले, आणि गाळणी धुऊन पाहिली. पाच वर्षे झाली, आता तीवर चिखल नसतो.

डबा घेताना सील पाहावे. एवढे आपण जाणतोच, भेसळीचा शाप आपल्या धंद्याने थोडा का भोगला आहे? पण रिकामा डबा भंगारात देताना त्यास मोठे भोक पाडून द्यावे, हे किती जण करतात? आपलाच स्वच्छ डबा कोणी भरून आपणांसच विकू शकेल. काढलेले काळे तेल नालीत, विहिरीजवळ वा शेताच्या बांधावर टाकू नये. गॅरेजात जमा होते तेथे द्यावे. दाराच्या चौकटीस वाळवी लागू नये म्हणून ते उघड्या हाताने फासण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या जळक्या तेलातील द्रव्ये कातडीस अपायकारक असतात, दीर्घकाळ संबंध आल्यास कर्करोगाचाही धोका असतो. हे विशेषतः गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या मुलांनी ऐकावे.

मागील वर्षी आम्ही सुदुंबऱ्यास संताजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनास गेलो होतो, ते चाकणमार्गे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी चाकणचे. आज त्याच चाकणला मोटारसायकली बनविण्याचा मोठा कारखाना आहे. तेथील फाटकातून नव्या गाड्यांचे ट्रक बाहेर पडत होते. आमच्या सौ. एसटीच्या खिडकीतून त्यांकडे बराच वेळ पाहत होत्या. नंतर त्यांनी विचारले, या गाड्यांत तेल कोणते घालतात? आम्ही म्हटले, पुस्तिकेत पाहावे लागेल. त्या म्हणाल्या, मग आता पाहणार ना?

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. आमची बुलेट मांडवाच्या मागे निंबाखाली उभी आहे. वर रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल केला की इंजिन चालू असता तेल चढते की नाही ते डोळ्यांनी दिसते. ज्यांस ते पाहावयाचे असेल त्यांनी पंगत बसण्यापूर्वी यावे. बरोबर एक चिंधी आणावी, आणि पांढरे सदरे घातलेल्यांनी दोन पावले मागे उभे राहावे.